वरच्या नळाले करंट

आमच्या मागच्या व्हरांड्यात टिनाचं एक कपाट उभं आहे. स्टील प्लान्टात कामगारांचे कपडे ठेवायले असतात ना, उभी लांबट, दाराले फटी असलेली, तसलं एक भंगारातलं. पोरीच्या बाबानं ते पॉवर हाऊस बजारातल्या कबाड्याकडून सायकलले बांधून आनलं होतं अन् मले वाटलं आता भांडे ठेवायले जागा झाली. पन त्यानं ते मामीसाठी आनलं होतं. मासे सुकवायले.

मामी म्हनजे माही सासू. भंडाऱ्याकडच्या तलावाकाठच्या गावची. तिथी पावसाळ्यात ऊन नसते म्हनून चुलीवर टोपली टांगून मासे धुरावर सुकवत, ते तिचं काम, लहानपनापासूनचं. सासरे गेल्यावर आमी तिले भिलाईले घेऊन आलो, तर इथी क्वार्टरात चूल नाही, सगळे हीटरवर करतात, मागं अंगन बी एवढंसं. दिवसभर भिताडाकडं तोंड करून बसे. बोले नाही, जेवाले दिलं तर जेवे, नाही दिलं तर मांगे नाही. मले भेव वाटे तिचं. मंग हे कपाट आलं. खाली हीटरची कॉइल, कॉइलवर तवा, तव्यात लाकडाचा भुसा, अन् वर सळईले टांगलेले मासे. भुसा पेटला नाही पाह्यजे, नुसता धुमसला पाह्यजे, एवढीच त्यातली मेख. आमी त्याले पेटी म्हनतो. पेटी आली अन् मामी बोलाले लागली.

म्हनून पेटी बंद करा असं मले कधी म्हनता आलं नाही. लाज मात्र पहिल्या दिवसापासून होती. ब्लॉकमधी सगळ्या जागचे लोक, मद्रासचे, बंगालचे, बिहारचे, त्यातले बरेच मासे खातात, त्यांचं काही नाही. पन आमच्या बरोब्बर वरच्या घरी मराठीच काकू राहतात, अमरावतीकडच्या, त्यांचे मिस्टर प्लान्टाच्या ऑफिसात मोठे क्लार्क. जिन्यात त्या चांगलं बोलतात. संक्रांतीले मी वर गेली तर तिळगूळ दिला, माह्या हातावर वरून सोडला, एक दाना बी खाली न पाडता. मी पेटी चालू झाली की व्हरांड्याची खिडकी लावून घेऊ, दाराखाली ओलं पोतं टाकू. धूर आमच्याच घरात भरे, पोरगी खोके, मामी म्हने, "आपल्या घरच्या धुराची चोरी कावून करतं वं?" मी पोतं अजून घट्ट दाबू.

पेटीत पहिले एका जुन्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट होता. तो काही कामाचा नव्हता. एक तर भडकून जाय नाही तर थंड पडे. मासे सुकायच्या जागी शिजून निघत अन् आकड्यावरून गळून भुशात पडत. मामी म्हने, हे सुकवनं नाही, हे पाहुनचार करनं आहे. मंग पोरीच्या बाबाले कबाड्याकडंच एका बेकरीच्या मोडक्या भट्टीतलं बटन भेटलं, आकडे लिहिलेलं, गोल फिरनारं, अन् त्याले तांब्याची बारीक लांब शेपटी. शेपटी आत ठेवायची, तिले गर्मी समजते, अन् ते स्वतःच कॉइल बंद-चालू करते. मामीले ते इतलं आवडलं की ती त्याची टिक् ऐकाले जवळ पाट टाकून बसे.

ते लावलं तेव्हा घरी जी तार होती तीच लावली. पंख्याची होती, लाल-काळी पीळ घातलेली, पलास्टिकची, दिसाले सुंदर. अन् पेटीच्या अंगावरून एक तार काढून व्हरांड्यातल्या नळाले बांधली, अर्थिंग म्हनून. आमच्या ब्लॉकमधी सगळे असंच करतात, उन्हाळ्यात कूलर लावला की तार नळाले. फ्यूज घडीघडी जाय म्हनून त्याच्यात जाड तार टाकून देल्ली. मग फ्यूज जानं बंद झालं, आमाले वाटलं चांगलंच झालं.

पोरगी तेव्हा नुकतीच धरून उभी राहाले लागली होती. दिसन ते धरे. खाट, बादली, मामीचं लुगडं, अन् पेटी. पेटीचं टिन कोमट राहे ना, तिले ते गोड लागे.

एक दिवस मी ओल्या हातानं पेटीचं दार उघडलं तर कोपरापर्यंत झिनझिन्या गेल्या. जोरात नाही. मुंग्या आल्यासारख्या. संध्याकाळी सांगतलं तर पोरीचे बाबा हासले, म्हने चप्पल घालत जा ना मंग, अर्थिंग आहे, काही होत नाही. मी सातवी नापास, तो प्लान्टात काम करनारा मानूस, खलाशी म्हनजे नुसता हेल्पर असला तरी प्लान्टातला. मी काय बोलनार. पन त्या दिवसापासून मी पोरीले कडेवरून उतरवलीच नाही. भाकरी करतानी कडेवर, भांडे घासतानी कडेवर, उतरवली की ती सरपटत सरळ पेटीकडं जाय. रात्री पाठ इतली दुखे की झोप नाही, अन् झोप लागली की सपनात तिचे दोन हात पेटीवर.

अन् मंग एका सकाळी वरच्या काकू खाली आल्या.

आमच्या घरी त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. चौकटीच्या बाहेरच उभ्या. हात ओले, अंगापासून दूर धरलेले, अन् पदर नाकाले. म्हनाल्या, "अगं, तुमच्याकडे विजेचं काही लावलंय का? माझा नळ चावतोय. कळशी धरली की हाताला झटका बसतो. देवाचं पाणी भरत होते मी."

मी तोंड उघडाच्या आधी मामी मागून आली, हातात अर्धा साफ केलेला मासा तसाच. तिनं काकूंकडं पाह्यलं, त्यांच्या पदराकडं पाह्यलं, अन् म्हने, "काहो बाई, पानी बाटलं का तुमचं?"

"तसं नाही हो. मी करंटचं बोलतेय."

"म्या बी करंटचंच म्हनून राहिली."

मी धावत जाऊन पेटीचं बटन बंद केलं, अन् बंद करून बी बोट बटनावरच दाबून उभी राहिली, जसं काही सोडलं तर ते मागून चालू होईन. काकू गेल्या तरी तशीच उभी. करंट होता तो, दुसरं काही नव्हतं, एवढं मले समजे. पेटीतून तारेत, तारेतून नळात, नळातून वर. तरी आमच्या घरातून काहीतरी निघून काकूंच्या देवाच्या पान्यात गेलं, हे ऐकून मले घाम फुटला. माह्या आजीच्या गावच्या विहिरीची गोष्ट आमच्या घरी सांगतात, कोनी कोनाले कसं हाकललं ती. मी ती विहीर कधी पाह्यली नाही. त्या सकाळी मले वाटलं मी तिच्या काठावर उभी आहे.

पोरीचे बाबा ड्यूटीवरून आले तर मामीनंच सगळं सांगतलं, हासत हासत. ते हासले नाही. पक्कड घेतली अन् म्हने नळाची तार काढून टाकतो, झालं, वर काही जानार नाही.

मी म्हनलं, "मंग कुठी जाईन?"

"कोन?"

"करंट."

पक्कड त्यांच्या हातातच राहिली. "पेटीत राहीन," ते म्हनाले, अन् म्हनून झाल्यावर माह्या कडेवरच्या पोरीकडं पाह्यलं.

मंग त्यांनी पेटी उघडून आत टॉर्च मारला. कॉइलजवळ ती सुंदर लाल-काळी तार वितळून टिनाले चिकटली होती, आतलं तांबं उघडं, वरून माशाचं मिठाचं पानी टपकून टपकून हिरवं झालेलं.  आपलीच चूक आहे असं त्यांनी म्हनलं नाही, मी बी म्हनलं नाही. वितळलेला तुकडा कापून माह्या हातात देल्ला, म्हने माही हप्ताभर डबल ड्यूटी आहे, तू जाजो सुपेल्याच्या बजारात, हे दाखवजो अन् गर्मीत चालनारी तार मांगजो. मामीनं कुरुदच्या तलावावरचे मासे मिठात घालून ठेवले होते, तिचं म्हननं, उद्यापर्यंत झालं पाह्यजे. मले मासे दिसत नव्हते. मले दिसे की तार नाही आनली तर हा मानूस परवा रेडिओची नाही तर घंटीची कोनती तरी तार जोडन, अन् माही पोरगी जिंदगीभर काही माह्या कडेवर राहनार नाही.

सकाळी जिन्यात काकू भेटल्या. मी मान खाली घालून तार आनाले चालली म्हनलं. त्या म्हनाल्या, "मी सुपेल्याला निघालेच आहे, चल माझ्याबरोबर. तुला दुकान सापडायचं नाही, आणि ते लोक बायकांच्या गळ्यात काहीही मारतात." इतल्या चांगल्या आवाजात म्हनाल्या की मले नाही म्हनता आलं नाही. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी घरात जाऊन पुन्हा साडी बदलली. पोरीच्या अंगाले पावडर चोपडली, माह्या केसाले तेल. तरी तो तारेचा तुकडा होताच, रुमालात गुंडाळून मी तो पदराखाली मुठीत धरला. रिक्षात काकूंनी आपली पिशवी दोघींच्या मधात ठेवली. वारा माह्याकडून त्यांच्याकडं जात होता, अन् मी सारा रस्ता मूठ आवळून बसली, जशी मुठीतून बास निघनार नाही.

दुकानात सगळे मानसंच, बाई एक नाही. मी पायरीवरच थांबली. काकू सरळ काउंटरपाशी गेल्या. दुकानदारानं त्यांनाच इचारलं काय पाह्यजे, कशासाठी. मी मनात म्हनत होती आता मले बोला लागन. तर काकूच म्हनाल्या, "इनको तार दिखाइए। घर में पापड़ सुखाने का डब्बा बनाया है।"

पापड. किती सहज म्हनाल्या. माह्याकडं पाह्यलं बी नाही. मले समजलं त्या माहं झाकून राहिल्या, अन् आपलं बी झाकून राहिल्या, मासेवाल्यांसंगं बजारात आल्या म्हनून. एका शब्दात त्यांनी आमाले स्वच्छ करून टाकलं. खरं लिहिते तर मले त्या वेळी बरं वाटलं. पाय धरावे वाटले त्यांचे. अन् कान गरम झाले.

दुकानदार म्हने पापडाले काय, उन्हाएवढी गर्मी. त्यानं मागच्या फळीवरून एक गुंडाळी काढून काउंटरवर सोडली. लाल-काळी, पीळ घातलेली, चमकनारी. तीच. बरोब्बर तीच तार. तो मापाले लागला, अन् पोरीनं माह्या कडेवरून वाकून तिचं टोक पकडलं अन् तोंडात घातलं.

मी ते तिच्या तोंडातून ओढलं. ती रडाले लागली. मी म्हनलं, "पापड नाही भैया."

त्याले ऐकू गेलं नाही. तो कात्री हुडकत होता.

"पापड़ का नहीं है," मले जोरात बोला लागलं, सगळ्यांच्या मधात, पोरीच्या रडन्यावरून. "मच्छी का है। मच्छी सुखाने का। नीचे हीटर है, भूसा जलता है, धुआँ होता है।"

एका बाजूले बल्ब घेत असलेला मानूस हासला, म्हने, तभी मैं सोचूँ बास कहाँ से आ रही। दुसरे बी हासले. वाईट नाही हासले, आपले हासतात तसे. दुकानदारानं काकूंकडं पाह्यलं. "तो आप पापड़ क्यों बोल रही थीं, भाभीजी?"  काकू बाजूले सरकून ट्यूबलाइटीचे खोके पाहू लागल्या, जशा त्याच घ्याले आल्या होत्या.

मी रुमाल सोडून तुकडा काउंटरवर ठेवला. त्यानं बोटानं न उचलता पेचकसच्या टोकानं उलटा केला. मंग दुसरी तार काढली, पांढरी, धूळ बसलेली, सुती कपडा गुंडाळलेली, जाड, बेंगरूळ. इस्त्रीले लावतात ती. म्हने ही घेऊन जा, ही सहन करन. मी इचारलं वितळन का? म्हने नाही वितळत. पन असाच भरवशाचा आवाज मी घरी बी ऐकला होता, चप्पल घालत जा म्हनला होता तो. मले काय झालं काय माहीत, मी म्हनलं माचिस आहे का.

दुकानदार वैतागला. त्या बल्बवाल्या मानसानंच बिडीची माचिस पुढं केली, तमाशा पाहाले भेटते म्हनून. मी पोरीले काउंटरवर बसवलं, काडी ओढली अन् पहिले लाल तारेचं टोक धरलं. ते लगेच वळलं, टपकलं, काळा धूर आला.

अन् ती बास आली.

ती बास मले ओळखीची होती. ती आमच्या व्हरांड्याची बास होती. इतले दिवस मी जिले माशाची बास समजून खिडकी लावत होती, दाराले पोतं लावत होती, ती हीच. मासे नव्हतेच जास्त, तार जळत होती. मामीले येत असन तर तिनं कधी म्हनलं नाही, तिले वाटलं असन सिमेंटच्या घरात धूर असाच येते. अन् मी लाजून खिडकी लावून पोरीले त्याच धुरात घेऊन बसत होती. काडी बोटाले लागली तेव्हा मी सोडली.

पांढऱ्या तारेचं टोक नुसतं तपकिरी झालं. तिचीच तीन पदराची मांगितली, तिसरा पदर अर्थिंगचा. पेटीच्या आत कॉइलजवळ ती बी नको म्हने दुकानदार, त्यानं एका डब्यातून चिनी मातीचे बारके पांढरे मनी काढून देल्ले, उघड्या तारेत ओवाले, ते कितीही तापले तरी जळत नाही. अन् मान वर न करता इचारलं, "अर्थ नल में तो नहीं बाँधा?"

मी म्हनलं, बांधला आहे.

"सब बाँधते हैं। कूलरवाले भी।" जमिनीत सळई गाडून तिले बांधा म्हने, अन् त्यानं मनी कागदात बांधले.

काकूंचा कूलर बी नळालेच बांधला आहे, त्यांच्या गॅलरीतून खालून दिसते. मी त्यांच्याकडं पाह्यलं नाही. त्या तवापर्यंत पायरी उतरून रिक्षात बसल्या होत्या.

येतानी काकू रस्त्याकडंच पाहत होत्या. मंग म्हनाल्या, "मी तुझी लाज राखायला गेले होते."

"हो काकू."

"आणि तू मला चारचौघांत खोटं पाडलंस."

मले लय काही म्हनायचं होतं. पापड म्हनल्यावर तो तेच वितळनारं देत होता, अन् तुमचं मन चांगलं आहे, अन् मी मुद्दाम नाही केलं. तोंडातून एवढंच निघालं, "पोरगी आता धरून उभी राहते, काकू."

 पोरीचा पाय त्यांच्या पिशवीले लागून राहिला होता. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मनी मी अन् मामीनं ओवले. मामी तार सरळ धरे, मी मनी सरकवू. ती म्हने, "माह्या लग्नात बी इतले मनी नव्हते वं गळ्यात, अन् हे माशाले घालून राहिलो." पोरीच्या बाबानं सारी जुनी तार उपटून फेकली, फ्यूजात बारीक तार टाकली, अन् मागच्या अंगनात खड्डा खनून लोखंडाची सळई गाडली, कोळसा अन् मीठ टाकून, नवीन तारेचा तिसरा पदर तिले. नळाले बांधलेली तार काढून टाकली. मासे एक दिवस उशिरा लागले. मामीनं एकदा नाक मुरडलं, पन फेकले नाही. खड्डा ओला राह्यला पाह्यजे म्हनून सळईपाशी रोज लोटाभर पानी मामी आठवनीनं टाकते, झाडाले टाकल्यासारखं.

पेटी चालू केली तेव्हा पोरीचे बाबा टेस्टर घेऊन उभे होते. मी टेस्टरसाठी थांबली नाही, हात पान्यात बुडवून उलटा पंजा टिनाले लावला. काहीच नाही. नुसतं कोमट. पुन्हा लावला. मामी म्हने, "झालं ना, आता पोट्टीले सोड." मी तिले खाली ठेवलं. ती सरपटत गेली, पेटी धरून उभी झाली अन् दोन्ही हातानं टिन बडवाले लागली, आवाज येते म्हनून. मी तिथीच बसून राहिली. दर थापेले माहा हात पुढं जाय. पन उचललं नाही तिले.

वरचा नळ तेव्हापासून चावत नाही. मी एकदा जिन्यात इचारलं बी, आता ठीक आहे ना काकू. त्या म्हनाल्या, हो, ठीक आहे, अन् पोरीच्या गालाले बोट लावून वर गेल्या.

पन रोज सकाळी त्या नळ उघडतात अन् कळशी लावत नाही. आमच्या रांधनीच्या भिताडातून पाइप वर जाते, त्याच्यातून मले समजते. पानी नुसतं वाहू देतात, बराच वेळ. पहिलं पानी जाऊ देतात. मंग कळशीत पडल्याचा आवाज येते. पहिले त्या असं करत नव्हत्या. मामी म्हनते भेली असन बिचारी, एकदा झटका बसला की मानूस भेतेच. असन. मी बी तर भेते. त्यांना करंटचंच भेव असन.

पेटीची बास आता नुसती माशाची अन् लाकडाच्या धुराची आहे, वाईट नाही, मले तर भूक लागते तिनं. दुपारी मी खिडकी उघडी टाकते. पन सकाळी वरचं ते पानी वाहत असते तोवर नाही उघडत. पाटावर बसून राहते, पोरगी पेटी बडवत असते, अन् वर कळशीचा आवाज आला की मंग उठते.